मुक्तस्रोत परिषद आणि विद्यार्थी



“संगणकवाल्यांच्या परिषदेस जाऊन आमच्या मुलास काय मिळावयाचें? तेथें परीक्षा नाहीं, गुण नाहींत, नोकरीची हमी नाहीं. मग दोन दिवसांचा अभ्यास बुडवून व गाडीभाडें खर्चून जाण्यांत हशील काय?” असा प्रश्न एका पालकांनीं नुकताच आम्हांस विचारला. प्रश्न रास्त आहे. आम्ही तिघे विद्यार्थी प्रथम अशा परिषदेस निघालों तेव्हां आमच्या घरींही हाच प्रश्न निघाला होता, आणि त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नव्हतें. तें आज देण्याचा यत्न करावा, आणि ज्यांस पुढें असा योग येईल त्या विद्यार्थ्यांस चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्या, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम मुक्तस्रोत म्हणजे काय तें पाहूं. संगणक हें नुसतें यंत्र; त्यानें काय करावें हें सांगणाऱ्या आज्ञांची जी मालिका तिला आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर असें म्हणतात. ही आज्ञावली प्रथम माणसास वाचतां येईल अशा रीतीनें लिहिली जाते; ह्या मूळ लिखाणास स्रोत म्हणावयाचें. पुढें त्याचें यंत्रास समजणाऱ्या आंकड्यांत रूपांतर होतें. बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळ आज्ञावलींचें केवळ हें रूपांतरच गिऱ्हाइकाच्या हातीं पडतें, मूळ लिखाण मालकाच्या कुलुपांत राहतें. पक्वान्न पानांत वाढावें, पण कृति कोणास सांगूं नये, तसाच हा प्रकार होय. मुक्तस्रोत आज्ञावलींत पक्वान्नाबरोबर कृतीही मिळते. ती आज्ञावली वाटेल त्या कामास वापरावी, तिचा अभ्यास करून ती आपल्या गरजेप्रमाणें बदलावी, तिच्या प्रती दुसऱ्यांस द्याव्या, आणि आपण सुधारलेली प्रतही सर्वांस वाटावी, अशा चार मोकळिकी तिच्या परवान्यांतच लिहिलेल्या असतात. इंग्रजींत मुक्त व फुकट ह्या दोहोंस एकच शब्द असल्यामुळें तेथें फार घोटाळा होतो. आपल्या भाषेंत दोन निराळे शब्द आहेत हें आपलें सुदैव. मुक्त आज्ञावली विकण्यास कोणाची हरकत नसते. ती कुलुपांत ठेवूं नये इतकेंच.

ह्या चळवळीचा पाया अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं घातला. १९८३ च्या सप्टेंबर महिन्यांत त्यांनीं ग्नू नांवाची एक सबंध मुक्त आज्ञावली रचण्याचा संकल्प जाहीर केला, १९८५ सालीं त्या कामासाठीं एक संस्था स्थापिली, आणि १९८९ सालीं वर सांगितलेल्या मोकळिकी कायद्याच्या भाषेंत बसविणारा परवाना प्रसिद्ध केला. मुक्तस्रोत हें ज्याचें भाषांतर आहे तें इंग्रजी नांव मात्र १९९८ सालीं प्रचारांत आलें.

परंतु आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, ह्या कार्यांतील दोन फार मोठीं पावलें विद्यार्थ्यांनींच टाकलीं आहेत. १९९१ च्या ऑगस्ट महिन्यांत फिनलंड देशांतील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स नांवाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी संगणकाचा गाभा चालविणारी एक आज्ञावली लिहीत होता. हें आपलें केवळ छंदाचें काम आहे, असें सांगून त्यानें ती लोकांपुढें ठेविली आणि सूचना मागितल्या. तीच पुढें लिनक्स म्हणून प्रसिद्ध झाली. अँड्रॉइड जातीच्या दूरध्वनींत आज तीच आहे, आणि २०१७ च्या अखेरीपासून जगांतील सर्वांत वेगवान अशा पांचशें महासंगणकांपैकीं प्रत्येक संगणक तिच्यावरच चालत आला आहे. दुसरें उदाहरण इयन मर्डॉक ह्यांचें. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत शिकत असतांना १९९३ च्या ऑगस्टांत त्यांनीं डेबियन हा प्रकल्प काढला. लिनक्स आणि तिच्या सोबतीस लागणाऱ्या हजारों लहानमोठ्या आज्ञावली नीट जुळवून लोकांच्या हातीं द्यावयाच्या, हें त्या प्रकल्पाचें काम. मर्डॉक २०१५ सालीं निवर्तले. पण जगभरचे स्वयंसेवक तें काम अद्यापि चालवीत आहेत.

आतां परिषदेची गरज कां पडते तें ध्यानांत येईल. ह्या कामांत एक मनुष्य ब्राझीलमध्यें, दुसरा जर्मनींत, तिसरा केरळांत, अशी स्थिति असते. वर्षानुवर्षें ते एकमेकांस पत्रें लिहितात, एकमेकांच्या चुका दुरुस्त करितात, प्रसंगीं भांडतातही. पण कोणी कोणाचें तोंड पाहिलेलें नसतें. लेखी शब्दांत सूर ऐकूं येत नाहीं, आणि त्यामुळें साध्या सूचनेचाही राग येतो. वर्षांतून एकदां समोरासमोर बसून जेवलें म्हणजे पुढचें वर्षभर पत्रांतील कडू शब्द गोड लागतो, हा सर्वांचा अनुभव. म्हणून डेबियनच्या लोकांनीं २००० सालीं फ्रान्समधील बोर्दो येथें आपली पहिली परिषद भरविली. पुढें ती निरनिराळ्या देशांत भरत आली, आणि २०२३ च्या सप्टेंबरांत प्रथमच हिंदुस्थानांत, कोची येथें भरली. हा मान केरळास मिळाला ह्यांत नवल नाहीं. कारण त्या राज्यांतील सरकारी शाळांत मुलें मुक्त आज्ञावलीवरच संगणक शिकतात. बेल्जमची राजधानी ब्रसेल्स येथील विद्यापीठांत हिवाळ्यांत फॉसडेम नांवाचा दोन दिवसांचा मोठा मेळा भरतो. त्यास हजारों लोक येतात, आणि तेथें प्रवेशास शुल्क तर नाहींच, पण नांवनोंदणीही लागत नाहीं. आपल्याकडेही पायथन ह्या संगणकभाषेची अखिल भारतीय परिषद २००९ सालीं बंगळूर येथें सुरू झाली व २०११ सालीं ती पुण्यास भरली होती. पुण्यांतील सिंबायोसिसच्या संगणक महाविद्यालयांत २००३ सालापासून पुष्कळ वर्षें ग्नूनिफाय नांवाचा मेळा भरत असे, व त्याची सारी व्यवस्था विद्यार्थी पाहत.

परिषदेचा दिवस कसा जातो तेंही सांगितलें पाहिजे, कारण नवख्या माणसास तेथें जत्रेंत हरवल्यासारखें होतें. मुख्य दालनांत व्याख्यानें चालू असतात. त्याच वेळीं शेजारच्या दोनतीन खोल्यांत दुसरीं व्याख्यानें होत असतात, म्हणून आपणांस काय ऐकावयाचें हें आधींच ठरवून ठेवावें लागतें. कांहीं खोल्यांत व्याख्यान नसून एका विषयाची आवड असणारे दहावीस लोक गोलाकार बसून चर्चा करितात. तेथें कोणासही बोलण्यास मुभा असते. दिवसाच्या शेवटीं बहुधा पांच मिनिटांचीं झटपट भाषणें होतात. वेळ संपली कीं घंटा वाजते, आणि वक्ता कितीही मोठा असो, त्यास खालीं उतरावें लागतें. नवख्या विद्यार्थ्यास बोलण्याचा सराव करण्यास ह्याहून चांगली जागा नाहीं. ओसरीवर निरनिराळ्या प्रकल्पांचीं मेजें मांडलेलीं असतात. कित्येक परिषदांच्या आधीं किंवा नंतर कांहीं दिवस लोक केवळ एकत्र बसून काम करण्यासाठीं राहतात, आणि आमच्या मतें खरें शिक्षण तेथेंच होतें.

येथें कोणी म्हणेल कीं, अशा परिषदांतील बहुतेक व्याख्यानांचीं चलच्चित्रें पुढें विनामूल्य पाहावयास मिळतात. मग घरीं बसूनच तीं पाहिलीं तर काय बिघडलें? व्याख्यानापुरतें म्हणाल तर कांहींच बिघडत नाहीं. पण व्याख्यान संपल्यावर चहाच्या पेल्याजवळ जें बोलणें होतें त्याचें चित्र कोणी घेत नाहीं. ह्याचा आम्हांस आलेला अनुभव सांगतों.

आम्ही गेलों ती परिषद पुण्यांतच भरलेली, लहानशी होती. पहिल्या दिवशीं आम्ही तिघे एका कोपऱ्यांत चहा घेऊन उभे राहिलों आणि कोणाशींही बोललों नाहीं. चहूंकडे इंग्रजी चाललेली. व्याख्यानांतील निम्मा भाग डोक्यावरून गेलेला. आपण येथें चुकून आलों, घरच्यांचें म्हणणेंच खरें होतें, असें एकमेकांस सांगत आम्ही मुक्कामीं परतलों. दुसऱ्या दिवशीं दुपारच्या गाडीनें निघून जावें असेंही बोलून झालें.

सकाळीं ओसरीवर एका मेजाशीं संगणकावरील भारतीय लिपींविषयीं बोलणें चाललें होतें. तेथें एका मध्यमवयीन गृहस्थांनीं आम्हांस सहज विचारलें, “तुम्हांस मराठी लिहितांना काय अडचण येते?” आमच्यापैकीं एकानें धीर करून सांगितलें कीं, शोध घेण्याच्या आज्ञावलींत “वऱ्हाड” हा शब्द घातला तर कधीं सांपडतो, कधीं सांपडत नाहीं, डोळ्यांस मात्र शब्द अगदीं बरोबर दिसतो. हें ऐकतांच त्या गृहस्थांनीं खुर्ची ओढून आम्हांस बसविलें.

ह्या अडचणीचें कारण असें. संगणकाच्या पोटांत अक्षरें आंकड्यांच्या रूपानें साठविलेलीं असतात, आणि कोणत्या अक्षरास कोणता आंकडा हें युनिकोड नांवाच्या सर्वमान्य कोष्टकानें ठरविलें आहे. मराठींत अर्धा र दोन प्रकारांनीं लिहिला जातो. “आचार्यास” म्हणजे गुरूस. तेथें र हा रफार होऊन डोक्यावर बसतो. “आचाऱ्यास” म्हणजे स्वयंपाक्यास. तेथें र आडवा होऊन पुढील अक्षरास चिकटतो. “दर्या” म्हणजे समुद्र, आणि “दऱ्या” म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हिंदींत असा आडवा र लागत नाहीं, म्हणून पुष्कळांस त्याची वार्ताही नसते. हा आडवा र यंत्रास दोन तऱ्हांनीं सांगतां येतो: एकतर नुक्ता दिलेल्या र चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढें डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह घालून. कागदावर दोहोंचें रूप एकच. यंत्राच्या लेखीं मात्र ते दोन निराळे शब्द. एकानें पहिल्या तऱ्हेनें लिहिलें आणि दुसऱ्यानें दुसऱ्या तऱ्हेनें शोधलें, तर शब्द पुढें असूनही यंत्र “नाहीं” म्हणतें. उपाय असा कीं, ताडून पाहण्यापूर्वीं यंत्रानें दोन्ही रूपें एका रूपांत आणावीं.

त्या गृहस्थांस आज्ञावलीची माहिती आमच्यापेक्षां शतपट होती. पण मराठी त्यांस येत नव्हती. ते म्हणाले, “दुरुस्ती कशी करावी तें मी दाखवितों, पण ती बरोबर झाली कीं नाहीं हें पाहण्यास मला असे शब्द हवेत. मला ते कोण देणार?” मेजाभोंवतीं सातआठ विद्वान बसले होते, त्यांतील एकासही तें उत्तर ठाऊक नव्हतें, आणि आम्हांस ठाऊक होतें! आम्हीं वही काढली. कुऱ्हाड, तऱ्हा, बऱ्याच, पुऱ्या, सुऱ्या इतके शब्द झाल्यावर आम्ही अडलों, तेव्हां एकानें घरीं आजीस दूरध्वनि केला. गुऱ्हाळ, बिऱ्हाड, चऱ्हाट, गोऱ्हा असे शब्द ती माउली एकामागून एक सांगत गेली, आणि शेवटीं “हें कसलें रे तुमचें कॉलेज?” असेंही तिनें विचारलें. दुपारची गाडी अर्थातच चुकली.

त्या दिवशीं आम्हीं केलेली दुरुस्ती लगेच स्वीकारली गेली असें मात्र नाहीं. मुक्तस्रोतांत कोणीही सुधारणा पाठवावी हें खरें. पण ती जशीच्या तशी कोणी घेत नाहीं. प्रकल्पाचे जाणते लोक ती ओळ न् ओळ तपासतात, आणि चुका सर्वांसमक्ष दाखवितात. आमचें काम दोनदां परत आलें. पहिल्या वेळीं आम्हांस फार वाईट वाटलें. पण पुढें लक्षांत आलें कीं, शेरा आमच्या कामावर होता, आमच्यावर नव्हता. तिसऱ्या वेळीं तें स्वीकारलें गेलें, आणि त्या आज्ञावलीच्या इतिहासांत आमचीं तिघांचीं नांवें नोंदलीं गेलीं. सुटींत घरीं गेल्यावर ज्या वडिलांनीं “हशील काय” असें विचारलें होतें त्यांनीं स्वतः यंत्रापुढें बसून “बिऱ्हाड” हा शब्द शोधून पाहिला. तो सांपडला. ते कांहीं बोलले नाहींत. पण पुढील वर्षीं गाडीभाडें न मागतां मिळालें.

आतां ज्यांस जावयाचें आहे त्यांच्यासाठीं कांहीं सूचना करितों.

पहिली गोष्ट, रिकाम्या हातानें जाऊं नये. जाण्यापूर्वीं महिनाभर तरी एखादी मुक्त आज्ञावली रोजच्या कामांत वापरावी आणि जी अडचण येईल ती वहींत टिपून ठेवावी. काय केलें, काय व्हावयास हवें होतें, आणि प्रत्यक्ष काय झालें, ह्या तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या असतां तुमची तक्रार ही तक्रार न राहतां मदत होते. प्रश्न घेऊन जाणाऱ्यास तेथें सर्व दारें उघडतात. नुसत्या कुतूहलानें जाणारा बहुधा ओसरीवरच राहतो.

दुसरी गोष्ट, सारेंच समजलें पाहिजे असा हट्ट धरूं नये. दिवसांत दोनतीनच व्याख्यानें निवडावीं, आणि उरलेला वेळ माणसांसाठीं ठेवावा. वक्त्याचें व्याख्यान आवडल्यास मागाहून जाऊन तसें सांगावें व एक प्रश्न विचारावा. इंग्रजी मोडकी आहे म्हणून लाजूं नये. तेथें आलेल्या पुष्कळांची मातृभाषा इंग्रजी नसतेच.

तिसरी गोष्ट, स्वयंसेवक व्हावें. बिल्ले वाटणें, वक्त्यास वेळेची खूण दाखविणें, चित्रण करणाऱ्यांस साहाय्य करणें, हीं कामें नवख्यासही येतात, आणि काम करतां करतां ओळखी आपोआप होतात. मेजावरचीं चिकटचित्रें व सदरे गोळा करण्यांत मात्र वेळ दवडूं नये. तीं जुनीं होतात, ओळखी राहतात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परत आल्यावर आठ दिवसांच्या आंत, जें करितों म्हणून सांगितलें असेल त्यांतील एक तरी काम पुरें करावें, मग तें कितीही लहान असो. शब्द देऊन विसरणारे पुष्कळ असतात. शब्द पाळणारा विद्यार्थी त्या मंडळींत फार लवकर ओळखला जातो.

पालकांस दोन शब्द. खर्चाची भीति वाटणें साहजिक आहे. पण लहान परिषदांचें शुल्क थोडें असतें, कित्येक ठिकाणीं तें नसतेंच, आणि डेबियनच्या परिषदेसारख्या मोठ्या ठिकाणीं प्रवास, निवास व भोजन ह्यांसाठीं गरजूंस साहाय्य मिळण्याची सोय असते. त्यासाठीं मुदतींत अर्ज करावा लागतो. वागणुकीचे नियम छापील असतात, आणि कोणी गैर वागल्यास कोणाकडे जावें हेंही सांगितलेलें असतें. निघण्यापूर्वीं ते नियम मुलांबरोबर आपणही वाचावे. शाळेंतील मुलांनीं शिक्षक किंवा वडील माणूस बरोबर असल्यावांचून जाऊं नये. परीक्षेच्या तोंडावर तर कोणीच जाऊं नये; परिषद पुढील वर्षींही भरते. आणि नोकरीची आशा धरून मुलास तेथें पाठवूं नये. कित्येकांस तेथील ओळखींतून पुढें चांगलीं कामें मिळतात हें खरें, पण तें फळ झाडास मागाहून येणारें आहे. रोप लावण्यापूर्वींच टोपली घेऊन उभें राहण्यांत अर्थ नाहीं.

शेवटीं एक विचार मांडून हा लेख संपवितों. विल्यम कॅरी ह्यांनीं १८०५ सालीं श्रीरामपूर येथें मराठी भाषेचें व्याकरण छापिलें. पुढें मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम शिकलेले जावजी दादाजी ह्यांनीं निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी ठशांस असें वळण दिलें कीं, त्याची वाखाणणी अद्यापि होते. परक्यांनीं आरंभिलेलें काम आपल्या माणसानें शिकून घेतलें आणि पुढें नेलें, म्हणून आपली लिपि कागदावर शोभली. आज तीच लिपि शिशाच्या ठशांतून निघून संगणकांत गेली आहे, आणि तेथें तिच्या लहानसहान गरजा अजून पुऱ्या व्हावयाच्या आहेत. “ॲ” ह्या अक्षरास युनिकोडच्या कोष्टकांत स्वतंत्र जागा मिळावयास २००८ साल उजाडावें लागलें, एवढ्यावरून काय तें समजावें. हीं कामें करणारे लोक जगांत आहेत, आणि ते मनानें मोठे आहेत. पण मराठी त्यांस कोणी सांगावयाची? ती त्यांच्या मेजाशीं जाऊन आपणच सांगितली पाहिजे. त्यासाठीं मोठी विद्वत्ता लागत नाहीं. एक वही, एक प्रामाणिक प्रश्न, आणि घरीं दूरध्वनि उचलणारी आजी असली म्हणजे आरंभास पुरे.